झाकणावरच्या सुरकुत्या

१

"सूनबाई, झोपायच्या आधी रोज एकदा खाली येऊन माझी खोली हुंगून जात जा. माझं नाक मेलंय."

सासरे हे म्हणाले तेव्हा ठकी माझ्या कडेवर होती, तिच्या मुठीत माझे केस होते आणि वर गॅसवर दूध होतं. "बाबा, मी काय मांजर आहे का?" असं म्हणून मी जिना चढले. दूध वाचलं.

नाक मेल्याचं ते थट्टेत म्हणत नव्हते. जुनं लाकूड नवं करण्यात बाबांचा सगळा जन्म गेला. स्पिरिट, टर्पेंटाइन, लाख, सरस, यांनी नाकाचं जे व्हायचं ते केलं होतं. ठकीने लंगोट भरला तरी हे तिला मांडीवर घेऊन खुशाल रंध्याचं पातं घासत बसायचे. मग त्यांचे जुने जोडीदार पॉलिशकाका तोंडाला फडकं बांधून म्हणायचे, "प्रेम आंधळं असतं ऐकलं होतं बाबा, तुमचं तर नकटं निघालं."

तळमजल्यावर कारखाना. त्याच्या मागे, प्लायवुडची भिंत घालून काढलेली बाबांची झोपायची खोली. त्या खोलीतून थेट वर जिना, आणि वर मी आणि ठकी. माझा नवरा बोटीवर असतो. वर्षातले थोडेच दिवस तो आमचा, बाकी समुद्राचा.

त्या दिवसांत कारखान्यात एक जुना फोनोग्राफ आला होता. नळकांड्यांवर आवाज साठवणारा, हाताने चावी द्यायचा. यंत्र ठीक होतं, पेटीचे हाल होते. मागची फळी पोखरलेली, कोपऱ्यांचे सांधे सुटलेले, पॉलिश सापाच्या कातीसारखं निघालेलं. वर पितळेचा मोठा भोंगा, त्याला एक पोचा. बाबांनी पेटीचा सांधा न् सांधा उकलून पुन्हा बसवला होता. पॉलिशकाका तिच्यावर रोज हात मारत होते. काम संपत आलं होतं.

आणि एका सकाळी बाबा चहाला वर आले नाहीत.

मी हाक मारत खाली गेले. ते अंथरुणात कुशीवर होते, एक पाय पलंगाखाली सोडलेला, उठायला निघाल्यासारखा. हात लावला आणि कळलं. का कोण जाणे, मी आधी त्यांचं पांघरूण नीट केलं. खोलीत भयंकर गारठा होता. मधलं दार उघडं होतं आणि पलीकडे कारखान्याच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. शिळ्या लसणासारखा पुसटसा वास आला, मग वाऱ्याने तोही गेला.

धाकट्या दिराला फोन केला. ते वेगळे राहतात, धान्याच्या गोदामात सुपरवायझर आहेत. भाऊजी इतक्या लवकर आले की जणू कोपऱ्यावरच उभे होते. डॉक्टर आले. म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं, झोपेतच गेले, भाग्यवान. कुणी गेलं की मागे राहिलेल्यांना भाग्य दाखवायची डॉक्टरांना घाई असते.

सगळे निरोपाच्या तयारीला लागले तेव्हा भाऊजी कारखान्यातून ओरडले, "वहिनी, भोंगा कुठाय?"

खुंटी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी बाबांचे कपडे आवरताना उशीजवळ ठकीचा खुळखुळा सापडला. त्याला पितळेची घुंगरं आहेत. बाबा गेले त्याच्या आदल्याच संध्याकाळी मी ती एकेक करून पुसली होती, कारण ठकी सगळं तोंडात घालते आणि मला सगळ्याची भीती वाटते.

घुंगरं काळी ठिक्कर पडली होती.

२

मावशी आली ती पिशवी ठेवायच्या आतच म्हणाली, "जेवलीस का?" आणि उत्तराची वाट न बघता ठकीला उचललं. माझी ही मावशी इस्पितळात कान तपासायची. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, आपलं तोंड पुठ्ठ्याने झाकायचं आणि शब्द म्हणायचे. पलीकडच्याने जे ऐकू येईल ते बोलायचं. निवृत्त झाली तरी तिची सवय गेली नाही. कोणी बोललं की ही आधी बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघते.

मी तिला खुळखुळा दाखवला.

"रडून रडून तुझी नजर..." म्हणत तिने तो हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. नखाने एक घुंगरू खरवडलं. आत पिवळं होतं.

"मावशी, पितळ एका रात्रीत काळं पडत नाही. कॉलेजात रसायनशास्त्र होतं मला. पडलं तर हवेत काहीतरी असतं."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. भाऊजी म्हणतील वहिनीचं डोकं फिरलंय. पोरीचा ताप सुद्धा मी तीनतीनदा मोजते म्हणून ते मला हवामान खातं म्हणतात."

"हवामान खात्याचाही अंदाज कधीतरी बरोबर येतो," मावशी म्हणाली. "आता मला ती रात्र सांग. जे बघितलंस ते. वाटलं ते नंतर."

मी सांगितलं. ठकीला काही दिवस ताप होता, म्हणून बाबा रोज रात्री वरच झोपत होते, माझ्या सोबतीला. त्या संध्याकाळी तिचा ताप उतरला. बाबा समोर बसून सूप प्यायले. कवळी काढून वाटीत ठेवली होती. मग त्यांनी भाऊजींना फोन लावला.

"काय बोलले?"

"'भोंग्याचं तेवढं आजच बघ रे. दार-खिडक्या नीट लावून घे. मी वर आहे, पोरीपाशी.' एवढंच. भोंग्याला पोचा होता, तो भाऊजींनी पितळवाल्याकडे नेऊन द्यावा असं बाबांच्या मनात होतं. आणि पॉलिश ओलं असलं की धूळ नको म्हणून खिडक्या बंदच ठेवतात."

"मग?"

"थोड्या वेळाने खाली स्कूटर वाजली. कारखान्याची एक किल्ली भाऊजींकडे असते. ते आले आणि गेले. मग ठकी शांत झोपली तसे बाबा म्हणाले, आज मी माझ्या अंथरुणात पडतो, पाठ मोकळी करतो. आणि खाली गेले."

"कारखान्यात डोकावले असतील?"

"जिना थेट त्यांच्या खोलीत उतरतो. आणि अंधारात ओल्या पॉलिशपाशी जाणाऱ्याला ते स्वतःच शिव्या घालायचे."

मावशी ठकीला थोपटत राहिली. "आणि आता तुझा दीर काय म्हणतो?"

"म्हणतात पॉलिशकाकांनी भोंगा लांबवला. घरात मयत पडलंय बघून हात साफ केला. आज संध्याकाळी त्यांना चौकीवर घेऊन जाणार आहेत. आणि पेटी त्यांनी कालच टेम्पोत घालून पियानोबाईंकडे पोचवली, आणखी काही चोरीला जायला नको म्हणून."

पियानोबाई म्हणजे पेटीच्या मालकीणबाई, मुलांना पियानो शिकवतात. फोनोग्राफ त्यांच्या आईचा. आई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, आणि त्यांच्या वडिलांचा आवाज एका नळकांड्यावर आहे. मरायच्या आधी एकदा तो ऐकायचाय, एवढीच त्यांची इच्छा होती.

मावशी थोपटायची थांबली.

"जरा मागे जा. बापाने ज्याला भोंगा न्यायला बोलावलं, जो त्यासाठी येऊन गेला, तोच दुसऱ्या दिवशी म्हणतो भोंगा चोरीला गेला?"

हे मला सुचलंच नव्हतं.

३

पॉलिशकाका कारखान्याच्या पायरीवर बसले होते. आत यायला तयार नव्हते. "चोराने आत येऊ नये," म्हणाले.

"चोराला आम्ही चहा देत नाही," मावशीने कप पुढे केला. "घ्या."

त्यांनी कप घेतला. पण तोंडाला लावला नाही. बाबांच्या जाण्याने की चोरीच्या आळाने, मला ओळखता आलं नाही. बहुधा त्यांनाही.

"भोंगा शेवटचा कधी पाहिलात?"

"त्याच संध्याकाळी. मीच घासून ठेवला. आरशासारखा. म्हटलं पितळवाल्याने तरी लाजावं. खुंटीला लावला, झाकणावर शेवटचा हात मारला, खिडक्या लावल्या, गेलो. सकाळी निरोप आला ते..." ते थांबले. "चाळीस वर्षं तो माणूस मला शिव्या देत होता हो. आता कोण देणार?"

"पेटीला कीड होती ना? मागच्या फळीला?"

"भुंगा. तो कधीच मेला. सुईने भोकाभोकात औषध भरलं होतं मी आणि बाबांनी. धाकटे एकदा म्हणालेही होते, कशाला टोचत बसता, आमच्या गोदामातल्या कीड मारायच्या गोळ्या टाका, एका रात्रीत विषय संपेल. बाबांनी उडवून लावलं. म्हणाले, घरात पोर आहे."

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही.

"पेटी गेली म्हणे मालकिणीकडे?"

"पेटी गेली. झाकण नाही दिलं मी." पॉलिशकाका पहिल्यांदा जरा ताठ झाले. "भांडलो धाकट्यांशी. म्हटलं, चोर म्हणा, पण असलं झाकण माझ्या हातून जाणार नाही. चला, दाखवतो."

चोराने आत येऊ नये हे ते विसरले.

झाकण बाकावर होतं. घुमटासारखं, गडद तपकिरी. पॉलिशकाकांनी खिडकी अर्धी उघडली आणि उजेड तिरपा पडला. चकाकत्या पॉलिशवर बारीक सुरकुत्यांचं जाळं उठलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर असतं तसं. एका कडेला सरळ रेघ, चिकटपट्टीएवढ्या रुंदीची.

"लाखेचं पॉलिश वरून वाळल्यासारखं दिसतं," ते म्हणाले, "पण आतून रात्रभर मऊ असतं. वर काहीही ठेवलं की ठसा उठतो. मी गेल्यावर कुणीतरी याच्यावर प्लास्टिक गुंडाळलंय. घट्ट, पट्टी लावून. आणि सकाळी फराफरा ओढून काढलंय."

"बाबांनी गुंडाळलं असेल?" मी विचारलं.

ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी विचारलं होतं, बाबांनी ठकीला खिडकीतून टाकलं असेल का.

"तुम्ही नाही, बाबा नाहीत," मावशी हळू म्हणाली. "म्हणजे ज्याला ओल्या पॉलिशचं काही कळत नाही असा माणूस."

रस्त्यावर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. भाऊजी पॉलिशकाकांना न्यायला आले होते.

४

मावशी मला जिन्यात थांबवून भराभर बोलली.

"तुझा दीर खोटं बोललाय. पण बघ, किती चुकीचं खोटं. भोंगा नाहीसा झाला तर त्याला उत्तर ताटात वाढून ठेवलेलं होतं. 'बाबांनी सांगितलं म्हणून मीच पितळवाल्याकडे नेला.' तू साक्षीला होतीस. कुणी काही विचारलं नसतं. मग चोरीचं कुभांड कशाला?"

"मग?"

"त्याला माहीतच नव्हतं, बाबांनी भोंग्याबद्दल सांगितलंय ते. कान अर्धंच ऐकतो गं, उरलेलं डोकं भरतं. आणि डोकं आपल्या ओळखीचंच भरतं. चल, बघू काय भरलं ते."

भाऊजी स्वयंपाकघरात उभे होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी मी ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, त्यांच्यापासून लांब.

"मावशी, तुम्ही कधी आलात? मी जरा पॉलिशवाल्याला..."

"जाशील. आधी बस. गोदामात मशीनं धडधडत असतात ना? तुझा कान तपासायचाय."

"ही काय वेळ आहे?"

"वेळ वाईटच आहे, म्हणून तर. दोन मिनिटं. तुझ्या वहिनीची समजूत पटली की मी तिला घेऊन जाते, तुला मोकळं रान."

ते बसले. मावशीने पाठ फिरवली, आपली कवळी काढली आणि वाटीत ठेवली. एका क्षणात तिचा चेहरा दहा वर्षांनी म्हातारा झाला. ताटली तोंडासमोर धरून ती म्हणाली, "मी म्हणेन ते म्हण. दार."

"दार."

"खिडकी."

"खिडकी. मावशी, खरंच..."

"ओठ."

"ऊठ." ते कंटाळून हसले. "उठू?"

"बस. गोळी."

"गोळी." ते आता हसत नव्हते.

ताटलीमागून मावशीचा आवाज आला, बोळका, ओला, दुरून आल्यासारखा. मी डोळे मिटले असते तर बाबाच बोलतायत असं वाटलं असतं.

"भोंग्याचं तेवढं आजच बघ रे."

"भुंग्याचं तेवढं आजच ब..."

ठकीने माझ्या कानातलं ओढलं आणि मी तिला ओढू दिलं.

मावशीने ताटली खाली ठेवली, कवळी बसवली आणि स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "भोंग्याचं. भोंग्याला पोचा होता."

"भोंग्याचं?" भाऊजी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, भोंग्याचं म्हणाले होते?"

मी मान हलवली. मी समोर होते. बाबांच्या ओठांचा चंबू मी पाहिला होता. फोनला ओठ दिसत नाहीत.

त्यांनी खिशातली कारखान्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग बोलायला लागले ते थांबेचनात. बाबांनी आधी गोळ्यांना नाही म्हटलं होतं, त्यामुळे त्या संध्याकाळी त्यांना बरंच वाटलं, शेवटी म्हाताऱ्याने आपलं ऐकलं. 'दार-खिडक्या नीट लाव' म्हणजे गोळ्यांचा गॅस कोंडायलाच. 'मी वर आहे' म्हणजे खाली कुणी झोपणार नाही. वाक्य न् वाक्य जुळलं. गोळ्यांच्या कापडी पुड्या पेटीत ठेवल्या, प्लास्टिक गुंडाळलं, बाहेरून कुलूप लावलं. निसटलेला गॅस रात्री प्लायवुडच्या फटींतून बाबांच्या खोलीत शिरला. पहाटे हवा मोकळी करायला आले, खिडक्या उघडल्या, प्लास्टिक काढलं, आणि मधलं दार उघडून बघितलं.

"मी हाक मारली वहिनी. दोनदा मारली."

"आणि मग भोंगा उचललात," मावशी म्हणाली.

"काळा पडला होता. गोदामातली तांब्याची वायर तशीच पडते. म्हटलं बघणाऱ्याला लगेच कळेल. पलीकडच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. वहिनींचा फोन येईपर्यंत." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "चुकून झालं हो. मी मारलं नाही त्यांना."

"मारलं नाहीस," मावशी म्हणाली. "ते तुझ्या कानाने केलं. पण खाली पायरीवर एक माणूस चोर म्हणून बसलाय, ते तुझ्या तोंडाने केलं."

मला मात्र वेगळंच काहीतरी टोचत होतं. काळजी करणाऱ्या बायकांना मोजायची खोड असते.

"भाऊजी, पुड्या किती ठेवल्या होत्या? आणि काढल्या किती?"

त्यांनी हात खाली घेतले. "दोन यंत्राखाली होत्या. त्या काढल्या, लांब नेऊन पुरल्या." मग त्यांचा चेहरा बदलत गेला. "एक खालच्या खणात होती. नळकांड्यांच्या खणात. तो खण मी..."

पेटी पियानोबाईंच्या आईच्या उशाशी होती.

५

फोन लागत नव्हता. पियानोबाई शिकवणी चालू असली की फोन बंद ठेवतात. मावशी म्हणाली, तू लावत राहा, आणि रुग्णवाहिकेलाही सांग. ठकीला मी पॉलिशकाकांच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला कुणाकडे दिलं आणि सूचना दिल्या नाहीत. टॅक्सीत भाऊजी पुढे बसले होते. सिग्नल लागला की ते गुडघ्यावर मूठ आपटायचे, आवाज न करता.

जिन्यातूनच पियानो ऐकू आला. कुणीतरी मूल तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होतं.

पियानोबाईंनी दार उघडलं. "अहो, आत्ता शिकवणी..."

"आई कुठेत?" मी विचारलं.

"आत. पडल्यात. कालपासून पोट बिघडलंय त्यांचं, उलट्या, डोकं दुखतंय म्हणतात. का?"

भाऊजी त्यांना बाजूला सारून आत गेले. मावशी मागून ओरडली, "श्वास धर. आधी खिडकी, मग माणूस." तिने मला उंबऱ्यातच अडवलं आणि शिकवणीच्या मुलाला दंडाला धरून जिन्यात काढलं.

खोली लहान होती. थंडी लागते म्हणून खिडकीच्या फटीत कापड कोंबलेलं. पेटी पलंगाला लागून, बिनझाकणाची, तरीही देखणी. बाबांनी बसवलेला एकही सांधा ओळखू येत नव्हता. भाऊजींनी खिडकी उघडली नाही, फोडलीच. मग म्हातारीला चादरीसकट उचलून बाहेर आणलं. ती डोळे किलकिले करून त्यांच्या खांद्यावर पुटपुटली, "वास येतोय म्हटलं तर कुणी ऐकत नाही."

पियानोबाईंनी तोंडावर हात ठेवला. "कालपासून म्हणत होत्या, लसणीचा वास येतोय. मी म्हटलं, आई, तुम्हाला कसलेतरी वास येतातच."

खालून रुग्णवाहिकेचा आवाज आला. तिच्या मागून आलेल्या अग्निशमन दलाच्या टोप्या-मुखवट्यातल्या माणसांनी नळकांड्यांचा खण उघडला. कोपऱ्यात कापडी पुडी होती, अर्धी करड्या भुकटीची झालेली, अर्धी अजून जिवंत.

६

म्हातारी वाचली. तिच्या खोलीचं दार नीट बसत नाही, नेहमी फटभर उघडं राहतं, म्हणून. त्या दाराबद्दल पियानोबाई वर्षभर सुताराला बोलावणार होत्या.

भाऊजी इस्पितळातूनच चौकीवर गेले. आम्ही कुणी म्हटलं नाही. जाताना त्यांनी पॉलिशकाकांना फोन केला आणि काय बोलले ते पॉलिशकाकांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "धाकट्यांचा आवाज नीट ऐकू आला नाही." त्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत. मावशीने तपासलेत.

नवरा बोटीवरून आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. तो खाली बाबांच्या पलंगावर बसला आणि विचारलं, "तुम्ही दोघी वर होतात, तुम्हाला कसं काही झालं नाही?" त्याचं उत्तर मी आधीच शोधून ठेवलं होतं, रोज शोधत होते. जिन्याच्या तळाशी एक दार आहे, जड, जुनं, बाबांनीच बसवलेलं. एरवी ते उघडंच असायचं. त्या रात्री उतरताना त्यांनी ते ओढून घेतलं होतं. नुकताच ताप उतरलाय पोरीचा, खालचा गारठा वर नको.

म्हातारीने वडिलांचा आवाज ऐकला. भोंगा सापडला, पण तिने तो काळाच ठेवायला सांगितला. झाकण मात्र पॉलिशकाकांनी परत दिलं नाही. नवं करून दिलं. ते जुनं आमच्या कारखान्यात टेकवून ठेवलंय. उजेड तिरपा पडला की सुरकुत्या दिसतात. ठकी त्यावरून बोट फिरवते आणि "आबा" म्हणते. मी तिला ओढून घेत नाही.

हे मी लिहिलंय ते तुम्ही दीर कसा सापडला याचं नवल करावं म्हणून नाही. तुमच्या घरात, वरच्या मजल्यावर, शेजारच्या दारामागे असं एखादं माणूस असेलच, ज्याचं नाक मेलंय, किंवा ज्याचं नाक शाबूत आहे पण ज्याच्या म्हणण्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्याने तुम्हाला काहीतरी सांगितलं असेल आणि तुम्ही हसला असाल. हे पान मिटा आणि जा. त्याचं दार उघडा, खिडकी उघडा, हाक मारा, आणि ओ येईपर्यंत तिथून हलू नका.

गॅसवर दूध असेल तर उतू जाऊ द्या.